बदलीवाला येऊ दे

रोकडेमामांना कुठल्याही जागेवरून उठवायचं असेल, तर त्यांच्या जागी दुसरा माणूस आणून उभा करावा लागतो. नुसतं "चला मामा" म्हणून भागत नाही. "बदलीवाला येऊ दे, मग जातो," एवढंच ते म्हणतात. आणि आपण ज्याला बदलीवाला समजतो, तो त्यांना पसंत पडेलच असंही नाही.

भिवंडीत, कामतघरच्या आमच्या चाळीत त्यांची खोली माझ्या खोलीला लागून आहे. एकदा मंगलने, म्हणजे माझ्या बायकोने, गॅसवर दूध ठेवलं आणि दारात उभ्या असलेल्या मामांना "जरा लक्ष ठेवा हो" म्हणून ती खाली भाजी घ्यायला गेली. खाली तिला मावसबहीण भेटली. दोघी रिक्षात बसून कुठल्याशा साड्यांच्या सेलला गेल्या. मी शाळेतून आलो तेव्हा मामा आमच्या ओट्याशी उभे राहून मंद आचेवर दूध ढवळत होते.

"अहो मामा, गॅस बंद करायचा ना."

"बंद करा असं वहिनी न्हाय बोलल्या. लक्ष ठेवा बोलल्या. आता तुम्ही आलात, मी निघतो. तळाला लागू देऊ नका, डाव्या बाजूला आच जास्त हाय."

त्या दिवशी आमच्याकडे बासुंदी झाली. तशी बासुंदी मंगलच्या हातून आजवर झालेली नाही, पण हे मी तिला सांगत नाही.

दुसऱ्या खेपेला एका केळीवाल्याने त्यांना "चाचा, जरा गाडी देखना, अभी आया" असं सांगितलं आणि मुलीला ताप आल्याचा फोन आला म्हणून तो तडक घरी गेला. संध्याकाळी त्याला गाडी आठवली. धावत आला तर मामा गाडीशी उभे, आणि केळी बरीचशी विकलेली.

"चाचा, आप अभी तक यहीं?"

"तेरा बदलीवाला किधर आया?" मामा म्हणाले, आणि उरलेल्यांतली कुठली केळी आधी खपवायची ते त्याला समजावून मगच घरी आले.

या सगळ्याचं मूळ मागांत आहे. मामांची सगळी उमर पॉवरलूमवर गेली. भिवंडीत माग झोपत नाहीत. एका पाळीचा कारागीर जातो तेव्हा दुसऱ्या पाळीचा येतो. चालू माग तसाच टाकून कुणी निघून गेलं आणि धागा तुटला, तर कापडात फट पडत जाते. म्हणून बदलीवाला समोर उभा राहिल्याशिवाय माग सोडायचा नाही. आणि नुसता सोडायचाही नाही. कुठला माग कसा वागतो ते त्याला सांगायचं. "तिसऱ्याचा धागा डावीकडनं तुटतो. पहिला तापतो. चौथ्याकडं सारखं बघू नको, तो बिथरतो." मग दोघांनी मिळून एक फेरी मारायची, कापडावरून हात फिरवायचा, डबा उचलायचा आणि निघायचं. निघाल्यावर वळून बघायचं नाही. बघितलं तर बदलीवाल्याला वाटतं, आपल्यावर भरवसा नाही.

मी भूगोलाचा मास्तर. मला या गोष्टीची आधी गंमत वाटायची, मग कंटाळा यायला लागला, आणि पुढे पुढे मी मामांना कशाजवळही उभं करायचं टाळायला लागलो.

प्रज्ञाच्या बाबतीतही त्यांनी हेच केलं होतं. प्रज्ञा त्यांच्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर बालवाडीत होती. बापाने सुरतेला दुसरा संसार मांडला. नातेवाईक जमले, चहा प्यायले, आणि पोर कुणाकडे राहणार हे निघताच आपापल्या गाडीची वेळ बघू लागले. तेव्हा मामा म्हणाले, "बदलीवाला येईपर्यंत मी बघतो." तो काही आला नाही. मामांचं लग्न राहून गेलं. प्रज्ञा लूमच्या शेडमध्ये कापडाच्या ताग्यांवर झोपली, तिथेच गृहपाठ केला, केसांवरचे कापसाचे तंतू झटकत शाळेत आली. माझ्या वर्गात होती. नकाशात नद्या छान भरायची. पुढे नर्स झाली, जर्मन शिकली आणि हॅम्बुर्गच्या एका हॉस्पिटलात नोकरीला गेली.

मग मालकाने शेड पाडून गोडाऊन बांधायला घेतलं आणि माग भंगारात गेले. माग गेले, प्रज्ञा गेली, पण मामांचे पाय राहिले. जन्मभर मागांमधून येरझारा घातलेले ते पाय घरात बसेनात. मामा सकाळी वऱ्हाळदेवीच्या तलावाकडे चालायला जाऊ लागले, आणि एक दिवस पाहिलं तर पळत होते. फुलपँट, चौकड्यांचा शर्ट, कॅनव्हासचे बूट. तोंडाने बारीक आवाजात ठेका चालू, खटक-खट, खटक-खट. धुकं असलं की मामा दिसायचे नाहीत, नुसता ठेका जवळ यायचा आणि लांब जायचा. तलावाच्या काठी बाकावर पेंगत बसलेलो असताना मला वाटायचं, भिवंडीतले सगळे बंद पडलेले माग पाण्यात उतरले आहेत आणि तिथे निवांत चालू झाले आहेत. ते ऐकत पुन्हा डोळा लागायचा. मी व्यायामाला म्हणून जायचो, पण माझा व्यायाम साधारण एवढाच असे.

हे पळणं प्रज्ञाने व्हिडिओ कॉलवर पाहिलं. तिने आधी बूट पाठवले आणि मग फोन केला. "मामा, इथं मोठी मॅरेथॉन असते. तुझं नाव घातलंय. ये."

"किती पळायचं असतं?" मामांनी मला विचारलं.

"इथून अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांपर्यंत जायचं आणि परत यायचं, साधारण तेवढं."

"कुंडात अंघोळ करून?"

"नाही, न करता."

"मग जायचं कशाला?"

तरी सरावाला म्हणून ते एकदा खरंच अकलोलीपर्यंत पळत गेले. संध्याकाळ झाली तरी पत्ता नाही म्हणून मी एस.टी.ने शोधायला गेलो. मामा गरम पाण्याच्या कुंडाशी एका मोठ्या कुटुंबाचे कपडे सांभाळत बसले होते. कुटुंब आंघोळ उरकून देवीच्या दर्शनाला गेलं होतं, बहुधा ओल्या कपड्यांनीच.

फोनवर प्रज्ञाने आणखी एक गोष्ट सांगितली होती. "इकडं आलास की योनासला पण भेटशील. आम्ही लग्न करायचं म्हणतोय."

"आवाज तुटतोय," मामा म्हणाले.

"तू हो म्हणाल्याशिवाय मी करणार नाही, मामा."

"लय तुटतोय आवाज."

आवाज अजिबात तुटत नव्हता. मी शेजारीच बसलो होतो. फोन ठेवल्यावर मामा बराच वेळ तो रुमालाने पुसत राहिले. मग म्हणाले, "सर, तुम्ही चला माझ्यासंगं. तिकडचं तुम्हाला सगळं पाठ हाय. मी फक्त पळायला चाललोय, बाकी काय न्हाय."

मला पाठ होतं ते फळ्यावरचं. एल्ब नदी मी जन्मभर निळ्या खडूने काढली. खरी राखाडी निघाली, त्याबद्दल मी अजून कुणाकडे तक्रार केलेली नाही.

हॅम्बुर्गमध्ये सगळंच हळू आणि लांबून आल्यासारखं होतं. कालव्यांच्या काठी लाल विटांची उंचच उंच जुनी गोदामं, त्यांच्या पायाशी पाणी, पाण्यात पुन्हा तीच गोदामं. मामा पुलावर उभे राहून बघत राहिले. "ही तर आपली कशेळी," भिवंडीच्या खाडीकाठची गोदामं आठवून ते म्हणाले. "फक्त ट्रक न्हायत. खाडी धुऊन ठेवलीय." हॉर्न वाजत नाहीत याचा त्यांना त्रास झाला. गाडी चालू आहे हे कळायचं कसं, असा त्यांचा प्रश्न होता.

शहराच्या मधोमध एक मोठा तलाव आहे. मामा सकाळी तिथे पळायला जात. तिथले लोक सकाळ असो की संध्याकाळ, भेटल्यावर "मॉइन" म्हणतात. मामा "जयभीम" म्हणत. दोनतीन दिवसांत कुत्रं फिरवणारा एक म्हातारा मामा लांबून दिसले की आधीच हात वर करून "जयभीम" म्हणायला लागला. झाडांवरून पांढऱ्या पाकळ्या झरत. मामा पळता पळता त्या केसांवरून झटकत, शेडमधून बाहेर पडताना झटकावं तशा.

योनासशी मात्र ते बोलत नव्हते. योनास बंदरात क्रेन चालवतो. दारातून वाकूनच आत येईल एवढा उंच, आणि आत आला की आपली उंची कुठे ठेवावी ते त्याला कळत नाही. प्रज्ञाने त्याला "मी योनास", "मी जेवलो" एवढं मराठी शिकवलं होतं. तेवढं बोलून झालं की तो हसायचा. मामा त्याच्याकडे नव्या कापडाकडे बघावं तसे उजेडात धरून बघत, आणि बोलायचं झालं तर माझ्यामार्फत. "सर, त्याला विचारा, मीठ पाहिजे का." मीठ त्या दोघांच्या मध्ये होतं. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला.

प्रज्ञा हे सगळं पाहायची आणि भांडी जोरात ठेवायची. एकदा मला म्हणाली, "सर, तो नाही म्हणाला तर मी काय करू? मला दोघंही पाहिजेत." मी म्हणालो, "मॅरेथॉन होऊ दे." मामाही तिला हेच सांगत होते.

मॅरेथॉनच्या दिवशी गारठा होता आणि उजेड दुधाळ होता. प्रज्ञा शेवटच्या रेषेपाशी उभी राहणार होती. मी आणि योनास बऱ्याच अलीकडे, तलावाच्या कडेला, शेंगदाण्याचे लाडू आणि लिंबूसरबत घेऊन. दोघांकडे मिळून तोडकं इंग्रजी. धावणाऱ्याच्या बिल्ल्यात काहीतरी बसवलेलं असतं, त्यामुळे फोनवर मामांचा ठिपका दिसत होता. ठिपका छान येत होता. माणसांचा लोंढा आला, विरळ झाला, मग एकेकटी माणसं येऊ लागली. मामांचा ठिपका आमच्यापासून थोडा अलीकडे येऊन थांबला. आम्ही वाट पाहिली. तो हलेना.

प्रज्ञाचा फोन आला. "सर, मामाला काय झालं?" तिचा आवाज मात्र खरंच तुटत होता.

योनास आणि मी उलट्या दिशेने चालायला लागलो. "तो का थांबला असेल?" योनासने विचारलं. मला कारण बघायच्या आधीच माहीत होतं. मी त्याला माग, पाळी, बदलीवाला असं सगळं माझ्या इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, "क्रेनवर पण असंच. वर दुसरा चढून आल्याशिवाय मी खाली उतरत नाही." मग वाटभर तो शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत चालला. बदली-वाला. बदली-वाला.

मामा फुटपाथवर मांडी घालून बसले होते. त्यांच्या मांडीवर एका पांढऱ्या केसांच्या, हिरवं बनियन घातलेल्या जर्मन बाईंचा पाय होता. बाईंच्या पिंढरीत गोळा आला होता. त्या मामांना हातवारे करून "जा, जा" म्हणत होत्या, आणि मामा त्यांना भिवंडीच्या मराठीत समजावत होते.

"मामा, मदतीला कुणी आलं नाही का?"

"एक सायकलवाला आला होता. बघितलं, गाडी पाठवतो असं कायतरी बोलला नि पुढच्याला बघायला गेला. तो सुपरवायझर, सर. सुपरवायझर बदली नसतो."

"मग मी थांबतो. तुम्ही पळा. रस्ता खुला करायची वेळ झाली, प्रज्ञा तिकडे रडायला आलीय."

मामांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुम्हाला हिची भाषा येते?"

"नाही."

"पाय दाबता येतो?"

मी आजवर कुणाचेही पाय दाबलेले नाहीत. मंगल साक्षीला आहे.

"मग कसले बदलीवाले," मामा म्हणाले आणि पुन्हा पिंढरी चोळायला लागले.

तेवढ्यात योनास खाली बसला. एवढा लांब माणूस, घड्या घालत घालत बसला. अंगातलं जॅकेट काढून त्याने बाईंच्या खांद्यांवर टाकलं. मग मामांकडे बघून शाळेतल्या मुलासारखं म्हणाला, "मामा. मी बदलीवाला."

मामांचे हात थांबले.

त्यांनी लगेच पाय दिला नाही. आधी पाहिलं. योनास बाईंशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला आणि बाई पहिल्यांदा हसल्या. मग मामांनी तो पाय अलगद त्याच्या मांडीवर सरकवला. "डावी पिंढरी," ते म्हणाले. "वरून खाली न्हाय. खालून वर. जोर लावू नको." हाताने दाखवलं. योनासने केलं. मामांनी त्याच्या हातावर हात ठेवून एकदा खालून वर नेलं, मग आपला हात काढून घेतला. उठले, पँटवरच्या पाकळ्या झटकल्या आणि निघाले. वळून पाहिलं नाही. रिकाम्या रस्त्यावरून खटक-खट, खटक-खट लांब जात राहिलं, आणि ऐकू येईनासं झालं तरी मला ऐकू येत होतं.

मदतीची गाडी आली तसे बाई आणि योनास तिच्यातून गेले. मी मेट्रोने शेवटाला पोचलो. तिथे माणसं कठडे उचलत होती, घड्याळ बंद झालं होतं, रस्ता गाड्यांना खुला झाला होता. प्रज्ञा एकटी उभी होती. थोड्या वेळाने मामा फुटपाथवरून पळत येताना दिसले, आणि रेषेच्या अगदी अलीकडे सिग्नलला थांबले. सिग्नलमधला माणूस लाल होता. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. मामा जागच्या जागी ठेका धरून उभे. अलीकडे प्रज्ञा, पलीकडे मामा, मध्ये रिकामा रस्ता. माणूस हिरवा झाला तेव्हा ते आले.

"तू अजून इथंच?" मामा म्हणाले.

"जाणार कुठं? बदलीवाला कुठं आला होता?" प्रज्ञा म्हणाली, आणि त्यांच्या घामेजल्या शर्टात तोंड खुपसून रडली. मामांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि गप्प उभे राहिले.

निघायच्या दिवशी सकाळी प्रज्ञा तयार होत होती. मामा स्वयंपाकघरात योनासच्या समोर बसले. "सर, मी बोलतो, तुम्ही त्याला सांगा. नीट सांगा."

मी म्हणालो, सांगतो.

"ही रागावली की बोलत न्हाय. कपाटं आवरते. तेव्हा मधी जायचं न्हाय. शेवटचं कपाट झालं की चहा द्यायचा." मी सांगितलं. योनासने मान हलवली. "ताप आला तर डोकं न्हाय, पाय दाबायचे. पाय दाबता येतात त्याला, मी बघितलंय. रडत असली तर कुणी बोललेलं हिला चालत न्हाय. हातातली पिशवी घ्यायची नि गप उभं राहायचं." माझं इंग्रजी आता सारखं अडकत होतं. मामा थांबून राहायचे, माझं झालं की पुढे जायचे. "नि एकदम शांत असलं की हिला झोप लागत न्हाय. लूमच्या आवाजात वाढलीय. तुमचं हे गाव लय गप हाय."

हे शेवटचं ऐकून योनास उठला आणि त्याने आम्हाला आतल्या खोलीत नेलं. पलंगाजवळ स्टुलावर एक जुना टेबलफॅन होता. त्याचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलेलं. रोज झोपताना लावतो, तो म्हणाला. तोंड भिंतीकडे, म्हणजे तिला वारा लागत नाही, नुसता आवाज येतो.

त्याने बटण दाबलं. पंखा जुना होता, थोडा खडखडत होता. मामा ऐकत उभे राहिले. बाहेर त्या शहराचा दुधाळ उजेड, आत तो आवाज. मग त्यांनी पंख्याच्या जाळीवरून हात फिरवला, एकदाच, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"प्रज्ञाला सांगा, मी हो बोललो," मामा मला म्हणाले. प्रज्ञा दारातच उभी होती.

विमानतळावर दोघं सोडायला आली. मामांनी प्रज्ञाच्या डोक्यावर हात ठेवला, योनासच्या डोक्यावर ठेवायला त्याला वाकायला लावलं, आपली पिशवी उचलली आणि तपासणीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. रांग हळूहळू सरकत होती. मामा समोर बघत होते. तसेच म्हणाले, "सर, मला बघायचं न्हाय. तुम्ही बघा. नीट चाललंय का?"

मी वळून पाहिलं. काचेपलीकडे प्रज्ञा रडत होती. योनासने तिच्या हातातली पिशवी घेतली होती आणि तो तिच्या बाजूला काही न बोलता उभा होता.

"नीट चाललंय, मामा."

"मग चला," ते म्हणाले. पण पुढे सरकले नाहीत. माझ्या शर्टाची बाही त्यांनी धरली होती. ती त्यांनी विमानात बसेपर्यंत सोडली नाही, आणि मीही, एका जागी टिकून राहायची माझी सवय नसताना, तो हात हलवला नाही.